सेमी-ऑटोमॅटिक टॅक्टिकल शॉटगन : हाताळणी आणि वाजवी किंमत यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे परवानाधारक नेमबाज, पहिली सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घेऊ पाहणारे आणि जवळची बंदूक विकू इच्छिणारे अशा तिघांसाठी लिहिली आहेत. वापर आणि किंमत हे दोन विषय मुद्दाम एकत्र घेतले आहेत, कारण बंदूक आतून कशी चालते हे ज्याला ठाऊक नसते त्याला तिची किंमत दिसण्यावरून ठरवावी लागते, आणि या प्रकारच्या बंदुकांचे दिसणे फार फसवे असते. कोणत्या बंदुकीला परवाना मिळतो, मॅगझीनमध्ये किती काडतुसे चालतात आणि नळी किमान किती लांब असावी लागते, हे देशागणिक बदलते. त्यामुळे खालील सर्व मजकूर आपापल्या कायद्याच्या चौकटीत राहूनच वाचावा.

टॅक्टिकल शॉटगन म्हणजे नेमके काय? ती साध्या शॉटगनपेक्षा वेगळी असते का?

यंत्रणेच्या दृष्टीने ती वेगळी जात नाही. शिकारीच्या किंवा ट्रॅप-स्कीटच्या (उडत्या तबकड्यांवरील नेमबाजीच्या) बंदुकीत जो बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग) आणि जी स्प्रिंग असते, तीच इथेही असते. फरक असतो तो आखूड नळी, लांब मॅगझीन नळी, मोठे खटके, वर साधने बसवण्याची पट्टी आणि नळीच्या टोकावरील मण्याऐवजी घोस्ट रिंग पद्धतीची, म्हणजे मोठ्या गोल कड्यातून नेम धरण्याची, नेमसाधने यांचा. नळी बहुधा १८.५ इंचांची म्हणजे साधारण ४७ सेंटिमीटरची असते, आणि त्यामागे कायद्याचे कारण आहे. अमेरिकेतील १९३४ च्या कायद्याने १८ इंचांहून आखूड नळीच्या शॉटगनवर वेगळे निर्बंध घातले, त्यामुळे कारखानदारांनी अर्धा इंच राखून नळ्या बनवायला सुरुवात केली आणि पुढे तेच माप सर्वत्र रूढ झाले.

एक बार झाल्यावर दुसरे काडतूस आपोआप कसे भरले जाते?

बार उडाला की बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो, घोडा ताणतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना लिफ्टरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) उचललेले नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या भागात, ढकलतो. चाप प्रत्येक बारासाठी नव्याने ओढावा लागतो, म्हणूनच ही बंदूक सेमी-ऑटोमॅटिक. बोल्ट मागे ढकलण्यासाठी लागणारी ताकद कुठून घ्यायची, याची तीन उत्तरे आजवर दिली गेली आणि किमतीतील बराचसा फरक या तीन उत्तरांतूनच येतो.

सर्वांत जुने उत्तर जॉन ब्राउनिंग यांचे. १९०० मध्ये पेटंट मिळालेल्या आणि पुढे ऑटो-५ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बंदुकीत नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीतच मागे सरकतात, मग नळी आधी पुढे येते आणि तिच्या मागोमाग बोल्ट. या बंदुकीत मॅगझीन नळीवर घर्षणाच्या कड्या असतात आणि हलक्या किंवा जड काडतुसांनुसार त्यांची मांडणी बदलावी लागते. जुनी ऑटो-५ घेणाऱ्याने पुढचा लाकडी भाग उतरवून या कड्या कशा बसवल्या आहेत ते आधी पाहावे, कारण जड काडतुसे चुकीच्या मांडणीवर चालवली गेली असतील तर त्या धक्क्याने लाकडाला तडे गेलेले असतात.

दुसरी पद्धत वायूची. नळीला बारीक छिद्रे असतात, त्यांतून दारूचा थोडा वायू बाहेर येऊन पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन बोल्टला. १९६३ मध्ये आलेली रेमिंग्टन ११००, मॉसबर्ग ९३० व ९४०, बेरेटा १३०१ आणि बेनेली एम४ या सगळ्या वायूवर चालतात, पण प्रत्येकीची रचना वेगळी आहे. एम४ मध्ये चेंबरच्या थोडे पुढे दोन छोटे पोलादी पिस्टन असतात आणि ते बोल्टच्या वाहकाला थेट ढकलतात.

तिसरी पद्धत जडत्वाची, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रुनो चिव्होलानी यांनी ती बेनेलीसाठी विकसित केली. यात बोल्टचे फिरते डोके आणि मागचा जड भाग यांच्यामध्ये एक आखूड, कडक स्प्रिंग असते. धक्क्याने संपूर्ण बंदूक मागे येते, पण बोल्टचा जड भाग क्षणभर जागच्या जागी राहतो, त्यामुळे ती स्प्रिंग दाबली जाते आणि मग उसळून बोल्टचे कुलूप उघडते. वायू यंत्रणेत शिरतच नाही, काजळी नळीबाहेर निघून जाते आणि आतला भाग बराच काळ स्वच्छ राहतो. बेनेली एम२ या पद्धतीची आहे.

मग वायूची घ्यावी की जडत्वाची?

जी व्यक्ती बंदुकीवर टॉर्च, दुर्बीण, काडतुसांचा पट्टा असे बरेच काही बसवणार आहे तिने वायूची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जडत्वाच्या बंदुकीला मागे सरकता यावे लागते. तिचे वजन वाढले, किंवा दस्ता खांद्यात नीट न रोवता बार काढला, तर हलक्या काडतुसांवर ती अर्ध्यातच अडू शकते. वायूची यंत्रणा धक्का थोड्या लांब काळात पसरवते, म्हणून तो खांद्याला सौम्य वाटतो. त्या बदल्यात काजळी साफ करावी लागते आणि पिस्टन, कड्या, सील हे झिजणारे भाग वाढतात. कमी देखभालीची, हलकी बंदूक हवी असेल आणि तिच्यावर फारसे काही लादायचे नसेल, तर जडत्वाची बंदूक समाधान देते.

काडतुसे भरण्याची योग्य पद्धत कोणती?

पहिल्यांदा नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर आणि सेफ्टी लावलेली. मग बंदूक खरोखर रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून तपासावे. बोल्ट मागे अडकवून ठेवला की पुंगळी फेकण्याच्या खिडकीतून एक काडतूस आत ठेवून बोल्टचा खटका दाबता येतो, किंवा बोल्ट बंद करून केवळ मॅगझीन भरता येते. मॅगझीन भरताना अंगठ्याने काडतूस लिफ्टरवरून पुढे ढकलत न्यावे आणि त्याची पितळी कड अडसरापलीकडे जाऊन खट् असा आवाज आल्याशिवाय अंगठा काढू नये. काडतूस अर्धवट शिरले असेल तर अंगठा उचलताच ते मागे सरकते, लिफ्टरखाली आडवे बसते आणि मग बोल्ट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. नवशिक्यांची सर्वांत जास्त अडचण इथेच होते आणि दोष मात्र बंदुकीला दिला जातो.

बोल्ट पुढे सोडताना तो हाताने धरून हळू सोडू नये. फिरत्या डोक्याच्या बोल्टला पूर्ण जोराने बंद होऊ दिले नाही तर डोके पूर्ण फिरत नाही, आणि चाप ओढल्यावर केवळ घोड्याची टिकटिक ऐकू येते. जडत्वाच्या बंदुकीत बोल्टच्या हँडलला धक्का लागूनही असे होऊ शकते, म्हणून ती खाली ठेवून पुन्हा उचलल्यावर बोल्ट पूर्ण बंद आहे ना, यावर एक नजर टाकावी.

बंदूक रिकामी करताना बोल्ट ओढला की काडतुसे बाहेर येतात ना?

नेहमी येत नाहीत, आणि या गैरसमजाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अनेक आधुनिक सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये, विशेषतः बेनेलीच्या रचनेत, घोडा ताणलेला असताना बोल्ट मागे ओढला तर चेंबरमधील काडतूस तेवढे बाहेर पडते. मॅगझीनमधील काडतुसे मात्र जागची हलत नाहीत, कारण ती सोडण्यासाठी वेगळा खटका आहे. मॅगझीनला हात न लावता चेंबरमधील काडतूस बदलता यावे यासाठी ही सोय केलेली आहे. परंतु ज्याला हे माहीत नाही तो बोल्ट दोनदा ओढतो, काही बाहेर पडत नाही हे पाहतो, बंदूक रिकामी आहे असे धरून चालतो आणि मॅगझीन मात्र भरलेले राहते.

म्हणून क्रम असा असावा. सेफ्टी लावावी, चेंबरमधील काडतूस काढावे, बंदूक उलटी करून लिफ्टर आत दाबावा आणि कडेचा अडसर दाबून मॅगझीनमधील काडतुसे एकेक करून हातात घ्यावीत. अडसराची जागा प्रत्येक मॉडेलमध्ये थोडी वेगळी असते, ती माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावी. शेवटी चेंबर, लिफ्टर आणि मॅगझीन नळीचे तोंड या तिन्ही जागा बोटाने चाचपाव्यात. मॅगझीनच्या तोंडाशी रंगीत फॉलोअर (काडतुसांना ढकलणारी स्प्रिंगवरची टोपी) दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर बंदूक रिकामी मानू नये.

सेफ्टी लावली की भरलेली बंदूक सुरक्षित असते का?

नसते. बहुसंख्य शॉटगनमध्ये सेफ्टी केवळ चापाला अडवते. घोडा आणि फायरिंग पिन यांना अडवणारी वेगळी व्यवस्था त्यांत नसते, त्यामुळे भरलेली बंदूक जोरात पडली तर धोका राहतो. याच कारणाने चेंबर भरून बंदूक ठेवणे मी कोणालाही सुचवत नाही. घरात ती पूर्ण रिकामी, कुलूपबंद कपाटात असावी आणि काडतुसे निराळ्या कुलपात असावीत. घरात मुले असतील तर याला कोणताही अपवाद नाही.

कोणती काडतुसे चालतात आणि कोणती टाळावीत?

नळीवर कोरलेला मजकूर हा पहिला आणि शेवटचा पुरावा. बोअर हे नळीच्या रुंदीचे माप, आकडा जितका लहान तितकी नळी रुंद. १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो आणि चेंबर ७० मिलिमीटर, ७६ मिलिमीटर किंवा ८९ मिलिमीटर लांबीचे असते. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यावर उलगडलेल्या पुंगळीची असते, न वापरलेल्या काडतुसाची नव्हे. त्यामुळे ७६ मिलिमीटरचे काडतूस ७० मिलिमीटरच्या चेंबरमध्ये आरामात बसते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. बार होताना मात्र त्याच्या तोंडाला उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक पातळीला जातो.

याहून भीषण चूक म्हणजे २० बोअरचे काडतूस १२ बोअरमध्ये घालणे. ते चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकते, मागे १२ बोअरचे काडतूस बसायला पुरेशी जागा उरते, आणि पुढचा बार नळी फोडतो. हे टाळण्यासाठीच २० बोअरची काडतुसे सहसा पिवळ्या रंगाची असतात. दोन्ही बोअरच्या बंदुका जवळ असतील तर त्यांची काडतुसे एका पिशवीत, एका खिशात किंवा एका टेबलावर कधीही ठेवू नयेत.

यंत्रणा चालण्याच्या दृष्टीने पाहता, २४ किंवा २८ ग्रॅम छर्ऱ्यांची हलकी सरावाची काडतुसे नव्या बंदुकीला पुरेशी ताकद देतीलच असे नाही, विशेषतः जडत्वाच्या. म्हणून अनेक कारखानदार सुरुवातीला काही पेट्या पूर्ण ताकदीच्या काडतुसांच्या चालवून बंदूक सैल करून घ्यायला सांगतात. बकशॉटमध्ये (मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसांत) कमी धक्क्याची काडतुसे सेकंदाला साधारण ३५० मीटरच्या आसपास आणि पूर्ण ताकदीची ४०० मीटरच्या आसपास वेग देतात. आपली बंदूक दोन्ही चालवते का, हे स्वतः तपासावे. ४४ मिलिमीटरची छोटी काडतुसे सेमी-ऑटोमॅटिकमध्ये सहसा नीट चढत नाहीत. पन्हाळीदार स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी) मोकळ्या चोकमधून (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारा अरुंद भाग) चालवावेत, घट्ट चोकमधून पोलादी छर्रे चालवू नयेत, आणि सॅबो स्लग (प्लास्टिकच्या वेष्टनातील गोळी) ज्या नळीत आतून पीळदार आटे आहेत तिच्यासाठीच असतात. छर्ऱ्यांचा फैलाव किती आहे हे कोणाच्या सांगण्यावर न ठेवता कागदी लक्ष्यावर वेगवेगळ्या अंतरांवरून पाहावे. तीच नळी दोन प्रकारच्या काडतुसांचा फैलाव अगदी निराळा देते.

बंदूक अडली तर काय करावे?

चाप ओढल्यावर बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेट घेऊ शकते. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, फुसका बार झाला, तर तिथेच थांबावे. बंदूक पूर्ण रिकामी करून, चेंबरच्या बाजूने नळीत प्रकाश पाहावा. वाड (दारू आणि छर्रे यांच्यामधला तुकडा) किंवा छर्रे नळीत अडकलेले असताना पुढचा बार काढणे म्हणजे नळी फोडणे होय. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हा धोका अधिक आहे, कारण बोल्ट स्वतःहून मागे गेला नाही तरी घाईत तो हाताने ओढून नेमबाज पुढे जातो.

पुंगळी खिडकीत अडकणे किंवा नवे काडतूस न चढणे, या तक्रारींचे मूळ शोधताना आधी काडतूस बदलून पाहावे, मग दस्ता खांद्यात घट्ट आहे का ते पाहावे, त्यानंतर तेल आणि काजळी, आणि सर्वांत शेवटी झिजलेले भाग. पुष्कळ जण उलट क्रमाने जातात आणि विनाकारण सुटे भाग विकत घेतात.

साफसफाई किती वेळा करावी?

मॉसबर्गने २०२० मध्ये ९४० बाजारात आणताना १,५०० बारांपर्यंत साफसफाईची गरज नाही असे सांगितले होते, आणि आधुनिक वायूच्या यंत्रणा खरोखर पूर्वीपेक्षा अधिक सहनशील आहेत. तरीही सरावानंतर नळीतून गज फिरवणे, पिस्टन पुसणे आणि चेंबर कोरडे करणे यांस फारसा वेळ लागत नाही. प्लास्टिकच्या पुंगळ्यांचा थर चेंबरमध्ये साचतो आणि तोच पुंगळी न निघण्याचे कारण ठरतो, म्हणून चेंबरसाठी वेगळा ब्रश ठेवावा. बोल्टच्या सरकपट्ट्यांना तेल हवे, पिस्टनला मात्र जवळजवळ नकोच, कारण तेलात काजळी मिसळून चिकट गाळ होतो. रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला पुन्हा पुढे ढकलणारी) दस्त्याच्या आतील नळीत असणाऱ्या बंदुकांत ती स्प्रिंग वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही आणि तिथे गंज बसतो. वर्षातून एकदा दस्ता उतरवून ती पाहावी.

दिसायला सारख्या असलेल्या दोन बंदुकांच्या किमतीत इतकी तफावत का असते?

पैसे जिथे खर्च होतात ते भाग बाहेरून दिसत नाहीत. नळीच्या आत क्रोमचा थर आहे की नाही, बोल्ट आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) कोणत्या पोलादाचे आहेत आणि त्यांना किती काळजीने उष्णताप्रक्रिया दिली आहे, वायूची छिद्रे किती अचूक आहेत, लिफ्टर पत्र्याचा आहे की घडीव, यांवर बंदूक पहिल्या वर्षी नव्हे तर पाचव्या वर्षी कशी चालेल ते ठरते. त्याउलट उष्णतारोधक जाळी, भुरकट रंगाचा लेप, दातेरी तोंडाची नळी यांना खर्च थोडा येतो आणि किंमत मात्र बरीच वाढवता येते.

स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचा मोठा हिस्सा तुर्कस्तानातील कारखान्यांतून येतो आणि त्यांपैकी कित्येक बेनेलीच्या जडत्वाच्या पद्धतीवर बेतलेल्या आहेत. त्यांत चांगल्याही आहेत, वाईटही आहेत. एकच कारखाना निरनिराळ्या आयातदारांसाठी निरनिराळ्या नावांनी बंदुका बनवतो, त्यामुळे नळीवरील नावापेक्षा हा आयातदार सुटे भाग ठेवतो का आणि पुढेही ठेवेल का, हा प्रश्न मोलाचा आहे. एक्स्ट्रॅक्टरचा नख तुटला आणि तो भाग कुठेच मिळाला नाही, तर स्वस्तात मिळालेली बंदूक सर्वांत महाग पडते.

वापरलेली बंदूक घेताना काय काय पाहावे?

परवानगी घेऊन आणि ती रिकामी असल्याची स्वतः खात्री करून बंदूक उघडावी. विक्रेता पुढची मूठ उतरवू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवणे उत्तम. पिस्टनवर काजळी असणे हा दोष नाही, पण त्याच्या लांबीने उमटलेले खोल ओरखडे, मॅगझीन नळीवरील गंजाचे खड्डे आणि वायूच्या छिद्रांभोवती झिजलेली कड हे दोष आहेत. रेमिंग्टन ११०० सारख्या बंदुकीत नळीच्या कड्याजवळ एक रबरी ओ-रिंग असते. ती तडकलेली असेल तर बंदूक अडखळते. भाग अगदी किरकोळ असल्याने या एका कारणासाठी बंदूक नाकारू नये, किंमत मात्र जरूर कमी करून मागावी.

नळी प्रकाशाकडे धरून आत पाहताना उजेडाची वर्तुळे एकसारखी दिसली पाहिजेत. एखाद्या जागी काळसर कडे दिसले तर तिथे नळी फुगलेली असू शकते, आणि फुगलेली नळी ही घासाघीस करण्याची बाब नाही, बंदूक परत ठेवण्याची बाब आहे. चोक हाताने फिरवून निघतो का ते पाहावे, कारण आट्यांत गंजून बसलेला चोक काढताना नळीचे तोंड खराब होते. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची कड बोटाला धारदार लागावी, लिफ्टर वाकडा नसावा, बोल्ट मागे अडकवल्यावर थोडे हलवल्याने तो सुटू नये. मग नकली (दारू नसलेली) काडतुसे मागून ती चार-पाचदा चढवून आणि फेकून पाहावीत. शक्य असेल तर रेंजवर आपण नेहमी वापरणार त्याच काडतुसांवर चालवून पाहावे, कारण विक्रेत्याची बंदूक विक्रेत्याच्या जड काडतुसांवर उत्तम चालते, हा आपल्यासाठी पुरावा नाही.

आखूड नळी आणि काळा लेप असलेल्या बंदुका बऱ्याचदा कपाटातच आयुष्य काढतात. लेपावर दोन ओरखडे आहेत पण आतला बोल्ट जवळजवळ नवा आहे, असा नमुना वाजवी किमतीत मिळाला तर तो चकचकीत पण आतून झिजलेल्या बंदुकीपेक्षा कितीतरी सरस समजावा.

वाजवी आकडा कसा काढावा?

सुरुवात छापील किमतीपासून करू नये, आज ती बंदूक नवी प्रत्यक्ष ज्या भावाला मिळते त्या भावापासून करावी. छापील आणि प्रत्यक्ष भावांत सहसा अंतर असते आणि जुन्या बंदुकीचे विक्रेते जवळजवळ नेहमी छापील किंमत सांगतात. त्याचबरोबर तेच मॉडेल वापरलेले असताना किती मागितले जाते याऐवजी किती भावाला विकले गेले, याची माहिती मिळवावी. मागणीचा आकडा ही इच्छा असते, झालेला व्यवहार हा भाव असतो.

समजा, नव्या बंदुकीचा प्रत्यक्ष भाव १०० धरला. निर्मितीत असलेल्या, नीट ठेवलेल्या, मूळ भागांसह असलेल्या वापरलेल्या बंदुकीला मी ७५ ते ८० पासून सुरुवात करतो. त्यातून स्प्रिंगा, सील, एक्स्ट्रॅक्टर असे बदलावे लागणारे भाग आणि ते बसवण्याची मजुरी वजा करतो. समजा ही वजावट ५ झाली. मूळ चोक, चावी, पुस्तिका आणि पेटी नसतील तर आणखी २-३ वजा. मॉडेलची निर्मिती बंद झाली असेल आणि सुटे भाग दुर्मीळ होत असतील तर वापरासाठी घेणाऱ्याने आणखी १० कमी धरावेत. यांपैकी कोणत्या वजावटी लागू होतात त्यानुसार उरलेल्या ५७ ते ७५ च्या पट्ट्यात बोलणी व्हावीत. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, बाजारपेठेनुसार ते सरकतील, पण प्रत्येक वजावटीमागे दाखवता येईल असे कारण असले की बोलणी कटू होत नाहीत. वापरलेल्या बंदुकीची मागणी नव्याच्या ९० टक्क्यांवर जात असेल, तर कारखान्याच्या हमीसह नवीच घेणे शहाणपणाचे आहे. हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हेही आधी विचारावे.

बसवलेल्या जोडवस्तूंचे पैसे द्यावेत का?

पूर्ण तर नाहीच. जी वस्तू तुम्ही स्वतः विकत घेतली असती तिच्यासाठी तिच्या जुन्या भावाचा काही भाग द्यावा, बाकीच्या काढून घ्यायला सांगाव्यात. भोके पाडणे, दस्ता कापणे, नळी आखूड करणे, चापाची यंत्रणा घासून हलकी करणे असे कायमचे बदल किंमत वाढवत नाहीत, उतरवतात, आणि चाप घासलेली बंदूक मी सुरक्षित मानत नाही. मॅगझीनची क्षमता किंवा नळीची लांबी बदललेली असेल तर ती आपल्या कायद्यात बसते का हे पैसे देण्याआधी पाहावे. नाहीतर किमतीचा प्रश्न दुय्यम ठरतो.

लष्कराने वापरलेले मॉडेल किंवा दुर्मीळ मॉडेल म्हणून जास्त पैसे मागतात, ते योग्य आहे का?

बेनेली एम४ अमेरिकी मरीन कोअरने १९९९ मध्ये एम१०१४ या नावाने स्वीकारली आणि तिच्या भावात त्या प्रतिष्ठेचा वाटा निश्चित आहे. मात्र तिच्या बाबतीत यंत्रणाही त्या तोडीची आहे, त्यामुळे मागितलेल्या पैशांतला मोठा हिस्सा प्रत्यक्ष पोलादात मिळतो. फ्रांकी स्पास-१२ ची गोष्ट निराळी आहे. पंप आणि सेमी-ऑटोमॅटिक अशा दोन्ही रीतींनी चालणारी ही जड बंदूक १९७९ ते २००० या काळात बनली, आणि आज तिची किंमत संग्राहक ठरवतात. तिच्या सुरुवातीच्या बंदुकांतील तरफेसारख्या सेफ्टीत दोष आढळल्याने ती बदलून देण्यात आली होती, त्यामुळे हातात आलेली बंदूक बदललेली आहे की नाही हे पाहणे आवश्यक आहे. संग्रहासाठी घेणाऱ्याने मूळ भागांना पैसे द्यावेत. वापरासाठी घेणाऱ्याने दुर्मीळतेचे पैसे देऊ नयेत, कारण दुर्मीळता म्हणजेच सुटे भाग न मिळणे.

सायगा-१२ सारख्या पेटीवजा मॅगझीनच्या बंदुकांबाबत मॅगझीनही मोजावीत, कारण ती वेगळी घेताना महाग पडतात. त्यांत काडतुसे महिनोन्महिने भरून ठेवली तर दाबाने प्लास्टिकच्या पुंगळ्या चपट्या होतात.

याच पैशांत पंप शॉटगन घेणे चांगले नाही का?

बजेट अगदी आवळलेले असेल तर होय. चांगली पंप बंदूक आणि सरावाची काडतुसे यांची बेरीज हलक्या दर्जाच्या सेमी-ऑटोमॅटिकपेक्षा अधिक उपयोगी ठरते. पंप कोणत्याही ताकदीच्या काडतुसावर चालते, पण तिचा धक्का जास्त लागतो.

संशयास्पद स्वस्त बंदूक कशी ओळखावी?

अनुक्रमांक घासलेला असेल, कागदपत्रांवरील क्रमांकाशी जुळत नसेल, किंवा विक्रेता परवान्याच्या हस्तांतराला टाळाटाळ करत असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी माघार घ्यावी. कागदपत्रांची प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी पूर्ण रक्कम देऊ नये आणि बंदूकही ताब्यात घेऊ नये.

बंदूक विकायची असेल तर जाहिरातीत काय लिहावे?

मॉडेलचे पूर्ण नाव, चेंबर व नळीची लांबी, अंदाजे किती बार झाले, कोणत्या काडतुसांवर ती अडखळते, कोणते भाग कधी बदलले आणि कोणते मूळ भाग सोबत दिले जातील, हे सर्व लिहावे. बोल्टचा, पिस्टनचा आणि चेंबरचा साफ केल्यानंतरचा फोटो द्यावा, अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे झाकावेत. हलक्या काडतुसांवर अडखळते हे आधीच लिहिलेल्या बंदुकीला ग्राहक उलट लवकर मिळतो, कारण घेणाऱ्याला आपल्या काडतुसांचा हिशेब घरीच करता येतो. ग्राहक तपासायला येण्यापूर्वी बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत, बोल्ट मागे अडकवून रिकामे चेंबर दाखवतच ती हातात द्यावी, आणि घरातील नकली काडतुसे रंगाने ओळखू येतील अशीच वापरावीत.